न दिसणारी खाज

तोरण्याच्या पायथ्याच्या आमच्या पंचक्रोशीत आमच्या जाऊबाईंनी न पाहिलेली पाठ शोधून सापडायची नाही. सरपंचांची पाठ त्यांनी पाहिली आहे, सरपंचांना पाडणाऱ्याची पाहिली आहे, आणि दोघांना सारखंच घामोळं येतं हेही त्यांनी भर चावडीवर सांगून टाकलं आहे. नव्या नवरीची हळद उतरायच्या आत त्यांनी तिच्या अंगावर उठलेलं पित्त उतरवलेलं असतं. वेल्ह्याच्या बाजारात समोरून आलेला माणूस त्यांना चटकन ओळखू येत नाही, पण तोच पुढं जाऊन पाठमोरा झाला की त्या म्हणतात, "आगं, ह्यो तर खालच्या आळीतला धाकटा! त्याच्या डाव्या फऱ्याखाली नायटा व्हता बग, टाकळ्यानं घालवला म्या." आणि मग तेवढ्या गर्दीत त्याला हाक मारून नायट्याची चौकशी करतात. तो बिचारा भाजीची पिशवी छातीशी धरून, "बरा हाये काकू, बरा हाये," म्हणत एसटीच्या मागं नाहीसा होतो.

मी मूळची भोरची. घरात दोघं नोकरदार, अंगण फरशीचं, आणि खाज सुटली तर औषधाच्या दुकानातून मलम आणायचं एवढंच मला ठाऊक. पंधरा वर्षांपूर्वी लग्न होऊन वेल्ह्याच्या पलीकडच्या या गावात आले, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवू लागले, आणि पहिल्याच आठवड्यात जाऊबाईंनी माझं नाव टाकून देऊन मला 'मास्तरीण' करून टाकलं. मी त्यांना आक्का म्हणते. त्यांच्या मते जगात खाज अकरा प्रकारची असते. बोटांवर मोजायला लावलं तर नऊच भरतात. उरलेल्या दोन कोणत्या, असं विचारलं की म्हणत, "येळ आली की सांगीन." पण त्या नऊंवर त्यांची हुकमत अशी, की भल्याभल्यांनी पाठ करावी. (पाठ करणं हा शब्दही आमच्या घरात जपून वापरावा लागतो, आक्का लगेच सदरा वर करायला सांगतात.) पित्त उठलं तर आमसुलाचं पाणी. भातलावणीत बोटांच्या सांदीत चिखल्या झाल्या तर वाटलेली मेंदी, आणि तीसुद्धा पाय कोरडे करून. लावणीच्या दिवसांत आमच्या वाडीतले बापये मेंदी लावलेले पाय पसरून ओळीनं बसतात तेव्हा गावात एखादं मोठं लग्न असल्यासारखं वाटतं. सुरण चिरून हात खाजले तर चिंच. सुरवंट फिरला तर आधी केस काढायचे, मग बाकीचं.

खाजकुइलीवर तर त्यांचा खास उपाय आहे. एकदा थंडीत पानशेतला बंगला असलेले पुण्याचे एक गृहस्थ सहकुटुंब गड बघायला आले होते. कुठंतरी कडेच्या झुडपात शिरले आणि वाळलेल्या शेंगांची सगळी कुसं अंगावर घेऊन, नाचत म्हणावं अशा चालीनं आमच्या दारात आले. आक्का पोळ्या लाटत होत्या. त्यांनी एकदाच बघितलं आणि ओरडल्या, "हात लावू नगा! जेवढं चोळाल तेवढी कुसं आत जात्याल!" मग त्या अनोळखी माणसाचा शर्ट उतरवून त्याला अंगणात उभं केलं आणि परातीतल्या मऊ कणकेचा गोळा त्याच्या पाठीवर, दंडांवर दाबून दाबून उचलत राहिल्या. गोळ्यावर तपकिरी कुसांची लव चिकटून येत होती. त्यांच्या पत्नी मोबाईलवर फोटो काढत होत्या, आणि ते गृहस्थ डोळे मिटून, "थँक्यू मॅडम, थँक्यू मॅडम," म्हणत होते. थंड पाण्यानं अंग धुऊन ते निवले तेव्हा आक्का म्हणाल्या, "झाडाला मिठ्या मारायच्या तर वळख तरी करून घ्यावी माणसानं." त्या दिवशी दोन पोळ्या कमी पडल्या आणि थोरले दीर न बोलता भातावर भागवून उठले. थोरले दीर, म्हणजे आक्कांचे मालक, वर्षातून साधारण तीनदा बोलतात.

दुसरी आठवण वरवे बुद्रुकच्या एका लग्नातली. मंगलाष्टकं चालली होती, नवरीच्या मामांनी अंतरपाट धरला होता, आणि तो अंतरपाट मधूनच थरथरत होता. सगळ्यांना वाटलं मामांचं मन भरून आलंय. आक्कांना तसं वाटलं नाही. अक्षता टाकायच्या सोडून त्या पुढं सरकल्या आणि दोन कडव्यांच्या मधल्या शांततेत त्यांनी विचारलं, "मामा, बोटांच्या बेचक्यात खाजतंय न्हवं? राती जास्त?" मामांनी अंतरपाटाआडूनच मान हलवली. "मंग खरूज हाये ती." पुढच्या कडव्याला भटजींचा सूरही थोडा लांबून आला, आणि जेवणावळीत मामांच्या दोन्ही बाजूंची पानं मोकळी राहिली. मी लाजेनं अर्धमेली झाले होते. पण पुढच्या रविवारी मामा टेम्पोत अख्खं घर घालून आमच्या दारात हजर. तीन महिने ते एकटेच मलम लावत होते आणि बरं होऊन पुन्हा पुन्हा खाजत होते. आक्कांनी त्यांना परत दवाखान्यात पाठवलं, घरातल्या प्रत्येकासाठी औषध आणायला लावलं, आणि खडसावून सांगितलं, "किडा हाये त्यो, एकाला सोडून दुसऱ्याच्या अंगावर जातू. समद्यांनी एकाच दिवशी लावायचं, मानेपासनं पायाच्या नखापर्यंत. कापडं, गोधड्या उकळत्या पाण्यात. लाज वाटून एक जरी दडून बसला तर समदी मेहनत पाण्यात." मामांचं घर महिन्याभरात मोकळं झालं. मामा अजून दिवाळीला चिवडा पाठवतात.

एवढी सगळी विद्या असूनही आक्कांचे दोन नियम दगडासारखे होते. पहिला, खाजवायचं नाही. "खाजवणं म्हंजी आगीवर राकेल. घडीभर बरं वाटतं, मंग दुप्पट." कुणाचं नख अंगावर दिसलं की त्यांची चापटी पडलीच. आणि दुसरा नियम असा, की खाज ही कातड्यात असते. तिथं पुरळ, चट्टा, गांधी काहीतरी दिसायलाच हवं. "दिसत न्हाई ती खाज न्हवंच. ते सोंग."

या दुसऱ्या नियमाचा मला एकदा चांगलाच चटका बसला. मुलीच्या वेळी मला आठवा महिना होता. तळहात आणि तळपाय असे खाजायला लागले की वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता मी हात भिंतीच्या खरखरीत गिलाव्यावर घासायची. अंगावर पुरळ म्हणून नाही. आक्कांनी मला उन्हात उभं करून, तांदळातले खडे बघावेत तसं पुढून मागून निरखलं आणि सोप्यावर येऊन जाहीर केलं, "काय सुदिक न्हाई. माहेरची खाज सुटलीया हिला!" घर हसलं. मीही हसले, आणि मग मोरीत जाऊन रडले. तिसऱ्या दिवशी आई आली आणि मला भोरला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, खाज कातडीची नाही. गरोदरपणात काही बायकांच्या यकृतातून पित्ताचा निचरा नीट होत नाही, ते रक्तात साचतं आणि अंग खाजतं. बाळाच्या दृष्टीनं हे हलक्यावारी घ्यायचं नाही. त्यांनी मला देखरेखीखाली ठेवलं, बाळंतपण थोडं आधी केलं. मुलगी गुटगुटीत झाली, माझी खाज आठवड्यात गेली. आक्का डिंकाचे लाडू घेऊन भोरला आल्या, मुलीची पाठ पाहिली, "गुळगुळीत हाये," म्हणाल्या, आणि त्या विषयावर एक अवाक्षर बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. पण मनात एक वाक्य तयार करून ठेवलं होतं, कधीतरी संधी मिळाली की फेकायचं. बारा वर्षं मी त्या वाक्याला धार लावत होते.

संधी आली ती गेल्या वर्षी, भाताची झोडणी आटपल्यावर. एका दुपारी शाळेतून आले तर आक्का परसातल्या दगडी पायरीवर तळपाय घासत होत्या. मला बघताच पाय साडीत घेतले आणि म्हणाल्या, "भेगा पडल्यात." मग घरात विचित्र गोष्टी घडायला लागल्या. आधी साबण बदलला. मग पुण्याहून आणलेलं नवं ब्लँकेट दोरीवर फाशी दिल्यासारखं आठ दिवस लटकलं. नळाच्या पाण्यावर संशय आला म्हणून विहिरीचं पाणी सुरू झालं. मग वांगं बंद, मग बोंबील बंद. शेजाऱ्यांच्या कुत्र्याला पिसवा आहेत म्हणून त्याला आमच्या अंगणातून हद्दपार केलं. तो दुःखी चेहऱ्यानं बांधावर बसून राहायचा. न्हाणीतून कधी कडुनिंबाचा वास यायचा, कधी आमसुलाचा, कधी करंजतेलाचा. एक दिवस तिन्ही वास एकदम आले. थोरल्या दिरांनी त्यांना हात चोळताना पाहिलं आणि वर्षातलं एक वाक्य खर्च केलं, "तळहात खाजला की पैका येतो म्हणत्यात." आक्का वैतागून म्हणाल्या, "पायबी खाजत्यात." दीर विचार करून म्हणाले, "मंग पैका घिऊन पळून जाशील." त्यांनी एकाच दिवसात दोन वाक्यं खर्च केली, तेव्हाच मला काहीतरी बरं नाही असं वाटायला हवं होतं.

एका रविवारी दुपारी आक्कांनी मला मागच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटलं. "मास्तरीण, कुनाला सांगू नगंस. माजी पाठ बघ."

उभ्या पंचक्रोशीच्या पाठी पाहणारी ती बाई माझ्याकडं पाठ करून बसली. पाठीवर नखांचे ओरखडे होते. पोळी फिरवायच्या उलथन्याचेही असावेत, कारण ते शेजारीच पडलं होतं. पण पुरळ, चट्टा, गांधी, काहीच नव्हतं.

"काय दिसतंय?"

"काही नाही, आक्का."

त्यांनी पदर पाठीवर ओढून घेतला. मग भिंतीकडंच बघत, मी त्यांच्या तोंडून कधीही न ऐकलेल्या बारीक आवाजात म्हणाल्या, "मंग म्या सोंग करतीया व्हय गं?"

बारा वर्षं धार लावलेलं वाक्य माझ्या ओठांवर यायला हवं होतं. खरं सांगते, मला त्यातला एक शब्द आठवला नाही. मी म्हटलं, "नाही आक्का. इकडं वळा. उजेडात या." खिडकीपाशी नेऊन त्यांच्या डोळ्यांची खालची पापणी ओढली. पांढरं असायला हवं तिथं हळदीचं पाणी शिंपडल्यासारखं झालं होतं.

"लघवीचा रंग कसा आहे?"

"च्यावानी. बिनदुदाच्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत रजा टाकली. आक्का म्हणाल्या, कावीळ असंल, घाटापलीकडं एक जण मुळी बांधतो. तेव्हा पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी या घरात आवाज चढवला. "इतकी वर्षं तुमचं ऐकलंय. आज माझं ऐकायचं." थोरल्या दिरांनी आक्कांची चप्पल दारात आणून ठेवली. नसरापूरला गाडी बदलून आम्ही भोरला गेलो. सबंध रस्ताभर त्या तळहात सीटच्या लोखंडी दांडीवर दाबून बसल्या होत्या. गार लागतं म्हणून.

भोरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, रक्त घेतलं, पोटाची सोनोग्राफी करून आणायला सांगितली. कागद घेऊन परत गेलो तेव्हा पित्त रक्तात साचलंय म्हणाल्या, तशी आक्कांनी त्यांची उलटतपासणी सुरू केली. "पित्तच हाये तर आमसूल का लागू पडंना?" डॉक्टरीणबाई हसल्या. "अंगावर उठतं त्याला आपण पित्त म्हणतो मावशी, पण ते वेगळं. हे यकृतात तयार होतं ते पित्त. ते नळीतून आतड्यात उतरतं. नळी तुंबली की उलटं रक्तात चढतं, आणि कातडीतल्या नसांना डिवचतं. त्या नसा मेंदूकडं वर्दी देतात, खाज आली म्हणून. वर्दी खरी असते. पण गुन्हा झालेला असतो दुसऱ्याच गावात." आक्का ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी पाटात धोंडा अडाकला, अन् पानी शिरलं दुसऱ्याच्या वावरात."

"अगदी तसंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि सोनोग्राफीच्या कागदाकडं बघत जरा थांबून म्हणाल्या, "धोंडाच असू दे म्हणा."

त्या 'म्हणा'चा अर्थ आम्हा दोघींनाही कळला. नळी तुंबलेली दिसत होती. कशानं, ते कागदावर स्पष्ट नव्हतं. खडा असेल तर काढता येतो. दुसरं काही असेल, तर त्याचं नाव आमच्या घरात पुढचे आठ दिवस कुणी घेतलं नाही. पुण्याच्या दवाखान्यात तारीख मिळेपर्यंत आक्का रोज दुपारी मला बोलावून घ्यायच्या. "लिवून घे. टाकळ्याचं बी कोनच्या डब्यात, मेंदी कुनाच्या परड्यातली चांगली. चिखल्यांत आदी पाय कोरडा, मंग मेंदी, इसरू नगंस." मी वहीत लिहीत होते आणि अक्षरं पुसट दिसत होती. अकरापैकी दहावी खाजही त्यांनी तेव्हाच सांगितली. म्हाताऱ्या माणसाची कातडी थंडीत कोरडी पडून खाजते. तिला औषध नाही, फक्त तेल, आणि ते लावायला कुणीतरी. अकरावी सांगताना म्हणाल्या, "ती तुला ठावं हाये."

पुण्याला भरती झाल्यावर, आत न्यायच्या आधी, त्या पलंगावर बसल्या होत्या. हिरवा झगा घातलेला, केस टोपीत. आमचे हे आणि थोरले दीर बाहेर बाकावर. त्यांनी एकदम विचारलं, "तुला तवा लई खाजत व्हतं का गं?"

तेव्हा म्हणजे कधी, हे मला विचारावं लागलं नाही. "हो आक्का. खूप."

त्यांनी माझा हात ओढून घेतला, तळहात उलटा केला आणि निरखून पाहिला, जणू बारा वर्षांपूर्वीचं काही अजून तिथं दिसेल. मग त्यावर स्वतःचा अंगठा हलकेच फिरवला. नर्स ढकलखुर्ची घेऊन आली.

खडाच निघाला. तोंडातून दुर्बीण घालून डॉक्टरांनी तो नळीतून मोकळा केला आणि बाहेर येऊन म्हणाले, "दगड होता. बाकी काही नाही." त्यावर थोरले दीर मोठ्यांदा म्हणाले, "दगड! दगड! दगड!" सबंध दवाखाना वळून बघायला लागला. ते बाकावर बसले आणि टोपी काढून तिच्यातच तोंड पुसलं. दोन दिवसांनी खाज उतरायला लागली. चौथ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर आक्का इतक्या गाढ झोपल्या होत्या की मी घाबरून त्यांच्या नाकाशी बोट धरलं. पुढं पित्ताशयही काढलं, जखमा भरल्या, आणि जानेवारीत आमच्या अंगणात पाठींची रांग पुन्हा सुरू झाली. फरक एवढाच, की आता आक्का पाठीच्या आधी डोळे बघतात. सरपंचांची पापणी ओढून झाली, पोस्टमनची झाली. एकदा बैलाचीही ओढली, आणि बैलानं त्यांना गोठ्याबाहेर काढलं. पाठीवर काही दिसलं नाही तर त्यांचं फर्मान ठरलेलं. "हितं न्हाई ह्ये. भोरला जा. आजच्या आज." गेल्या महिन्यात शेजारची पोटुशी सून तळहात चोळताना दिसली, तर आक्का तिच्या सासूशी वाद घालत बसल्या नाहीत, टेम्पो थांबवून तिला स्वतः घेऊन गेल्या. परत आल्यावर त्या सासूला घुश्शात म्हणाल्या, "खोटी खाज कुनाला येती का कुटं?"

मला मात्र राहून राहून आठवतो तो पुण्याहून परतीचा दिवस. गाडी करून आलो होतो. पाबे घाटाकडं वळायच्या आधी आक्का म्हणाल्या, "जरा फुडं घे. धरान बघू." इतकी वर्षं इतक्या जवळ राहून त्यांनी पानशेतचं पाणी नीट पाहिलंच नव्हतं. आम्ही काठावर बसलो. पलीकडं पुण्याची मंडळी नाव फिरवत होती. मी गाडीत पडून असलेले दवाखान्याचे कागद पिशवीत नीट लावत होते, तेव्हा भरतीच्या कागदावरचं वय पहिल्यांदा वाचलं. थोरल्या दिरांनी सांगून लिहवलेलं. पन्नास. मी एक्केचाळीसची. पंधरा वर्षं मी त्यांना एक पिढी वरची समजत होते, सासूच्या जागी. आणि त्या माझ्याहून फक्त नऊ वर्षांनी मोठ्या होत्या.

"आक्का, तुम्ही पन्नासच्याच?"

"मंग? किती वाटले तुला?" त्या पाण्याकडं बघत हसल्या. "सोळाव्या वर्साला हितं आले. तवा सासू नव्हती, समदे बापये. मोठं व्हायला सवडच न्हाई गावली बग. एकदम म्हातारीच झाले."

त्यांनी चपला काढून पाय पाण्यात सोडले, जरा वेळानं मला म्हणाल्या, "तूबी सोड की." आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, गाडीवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवेपर्यंत. उठताना त्या म्हणाल्या, "आपन दोघीच येऊ पुन्यांदा. या बापयांना न सांगता. नावंत बी बसू." मी म्हटलं, येऊ, उन्हाळ्याच्या सुट्टीत नक्की येऊ. सुट्टी आली, पाहुणे आले, मग लावणी आली. धरण काही लांब नाही, तासाभराच्या वाटेवर आहे. पण अजून आमचं जाणं झालेलं नाही.